एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे स्वयंसेवक पाठवताना

प्रश्न: आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्याने, सहली, वाढदिवस सारे नियमित होते, परंतु जिना उतरू न शकणारे सभासद त्यातून गळतात. त्यांच्याकडे दर आठवड्याला तरुण स्वयंसेवक पाठवायचे असल्यास सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १: जवळच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना लेखी विनंती करावी. या योजनेतील विद्यार्थ्याला वर्षाला १२० तासांची सेवा द्यावी लागते आणि ती बहुधा स्वच्छता मोहिमा व शिबिरांतच संपते, तेव्हा ज्येष्ठांच्या भेटी त्यांनाही सोयीच्याच ठरतील. परीक्षांच्या काळात मात्र खंड पडतो. त्या महिन्यांसाठी संघातील धडधाकट साठीकर हाताशी असावेत.

प्रतिसाद २: स्वयंसेवक जोडीने आणि ओळखपत्रासह जावेत, भेटीची वेळ आधी दूरध्वनीवर ठरवावी, आणि पासबुक, एटीएम कार्ड किंवा दागिने यांना त्यांनी हात लावू नये, हे पहिल्याच बैठकीत लेखी ठरवावे. औषधे आणून देणे, अर्ज भरणे, वर्तमानपत्र वाचून दाखवणे एवढे पुरेसे आहे. खरे तर पुष्कळांना केवळ गप्पाच हव्या असतात.

प्रतिसाद ३: घरात छळ होत असल्याचे जाणवल्यास विद्यार्थ्यांनी मध्यस्थी करू नये. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ नि:शुल्क आहे, तर निर्वाहखर्चासाठी आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.