विषय: सिएटलमधल्या चार शाळा – बंद करण्याआधी काय करता येईल? (नोव्हेंबर २०२४)

प्रेषक: एक पालक, कॅपिटल हिल

नमस्कार मंडळी,

सिएटलच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टने बंद करायच्या शाळांची नवी यादी काढली आहे. तीत स्टीव्हन्स, सानिस्लो, सॅकाजविया आणि नॉर्थ बीच या चार प्राथमिक शाळा आहेत. सप्टेंबरमध्ये १७ किंवा २१ शाळा बंद करायचं चाललं होतं, म्हणून 'चारच' ऐकून अनेकांना हायसं वाटलं. मला वाटत नाही. डिस्ट्रिक्टच्या २०२५-२६च्या बजेटमधली तूट सुमारे ९.४ कोटी डॉलर आहे आणि या चार शाळा बंद करून वाचणार आहेत सुमारे ५५ लाख. एवढ्यासाठी चार वस्त्यांतली मुलं विखरायची? आपल्या मराठी मंडळाने यावर बोलावं असं मला मनापासून वाटतं.

प्रेषक: एक आजोबा, बॅलर्ड

ताई, तळमळ पोचली. पण पटही बघा. २०१९पासून डिस्ट्रिक्टमधली चार हजारांवर मुलं कमी झालीत. राज्य डोईमागे पैसे देतं आणि त्याचं कोष्टक ४०० मुलांची प्राथमिक शाळा धरून केलेलं आहे. २०० मुलांच्या शाळेला मुख्याध्यापक आणि ऑफिसपुरते निम्मेच पैसे मिळतात. वरचे डिस्ट्रिक्टला घालावे लागतात. महाराष्ट्रात कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांच्या समूह शाळा करायचं निघालं, तेव्हाही प्रश्न कमी पटाचाच होता.

प्रेषक: एक पालक, कॅपिटल हिल

काका, हिशेब मान्य आहे. पण व्ह्यूलँड्स शाळा २००७मध्ये बंद केली आणि २०११मध्ये पुन्हा उघडावी लागली. रेनियर व्ह्यूचंही तेच झालं. मुलं परत आली तेव्हा वर्ग कमी पडले.

त्याआधी करण्यासारखं बरंच आहे. जवळच्या दोन लहान शाळांना एकच मुख्याध्यापक चालेल. दोन इयत्ता एका वर्गात बसवता येतील. शिक्षकांवर ताण येईल, पण शाळा राहील. रिकाम्या खोल्या शहराच्या प्रीस्कूलला भाड्याने देता येतील. पालक आपल्या पसंतीने अर्ज करतात त्या ऑप्शन स्कूलच्या वेटलिस्टवर मुलं ताटकळतात आणि कंटाळून खासगी शाळेत जातात. जागा असेल तिथे त्यांना घ्या, पट आपोआप वाढेल. मुख्य कार्यालयातली कपात शाळांच्या आधी व्हावी, हे तर आहेच.

तरी एवढ्याने ९.४ कोटी भरून निघणार नाहीत. खरी गाठ राज्याच्या राजधानीत, ऑलिम्पियात आहे. स्पेशल एज्युकेशनचा, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा निधी यंदा, २०२४-२५मध्ये, राज्य एकूण पटाच्या १६ टक्के मुलांपुरताच देतं. त्यापुढच्या मुलांना शिकवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि शिकवायलाच हवं. पण तो खर्च डिस्ट्रिक्टच्या माथी येतो. लोकांकडून लेव्ही (शाळांसाठीचा स्थानिक मालमत्ता कर) वाढवून घ्यावी म्हटलं, तर तिलाही राज्याचीच मर्यादा आहे. जानेवारीत विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होतंय, तेव्हाच हे मांडायला हवं.

प्रेषक: एक आजोबा, बॅलर्ड

१६ टक्क्यांचं मला माहीत नव्हतं. आमच्या नातवालाही स्पेशल एज्युकेशनची मदत मिळते. पत्राचा मसुदा करा, मी सही करतो. मुख्याध्यापक वाटून घेण्याचा मुद्दा मात्र शिक्षकांना विचारल्याशिवाय घालू नका.

प्रेषक: एक पालक, कॅपिटल हिल

नक्की. या ईमेल लिस्टवर जे शिक्षक आहेत त्यांनी मला लिहावं. मसुदा रविवारी रात्री पाठवते. ज्यांना सही करायची आहे त्यांनी आपला लेजिस्लेटिव्ह डिस्ट्रिक्ट (विधिमंडळ मतदारसंघ) क्रमांक कळवावा, म्हणजे पत्र ज्याच्या त्याच्या आमदाराकडे जाईल.