मुदत संपलेलं डोमेन ट्रेडमार्कच्या जोरावर परत मिळतं का?

प्रश्न
ब्रँडच्या नावाचं .कॉम डोमेन रिन्यू करायचं राहून गेलं. मुदत संपून ५० दिवस झाले, आता साइटच्या जागी जाहिरातींचं पान दिसतं. ट्रेडमार्क नोंदलेला आहे. प्रमाणपत्र पाठवलं तर रजिस्ट्रार (डोमेन नोंदवणारी कंपनी) डोमेन परत देईल का?

उत्तर १
नाही देणार. नावावर हक्क कुणाचा हे ठरवणं त्याचं कामच नाही. आणि जाहिरातींचं पान दिसतंय म्हणून डोमेन गेलं असं समजू नका. मुदत संपली की बरेच रजिस्ट्रार स्वतःचंच पार्किंग पान लावतात.

आधी आरडॅप लुकअप करून (म्हणजे डोमेनची सार्वजनिक नोंद शोधून) स्टेटस बघा. 'रिडेम्प्शन पीरियड' (डिलीट होण्याआधी डोमेन सोडवून घ्यायची मुदत) असेल तर हातात जास्तीत जास्त ३० दिवस आहेत. त्याच रजिस्ट्रारकडे रिस्टोर मागा. रिन्यूअलच्या वर रिस्टोरची वेगळी फी लागते, चांगलीच चढी. मुकाट्याने भरा, पुढचा प्रत्येक मार्ग याहून महाग आहे. 'पेंडिंग डिलीट' असेल तर ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही. दोन-तीन ठिकाणी बॅकऑर्डर (डोमेन मोकळं होताच घेण्याची आगाऊ मागणी) लावून ठेवा.

एक्स्पायरी डेटवर मात्र विसंबू नका. मुदत संपताच रजिस्ट्री (सगळ्या .कॉम डोमेनची मूळ नोंद ठेवणारी संस्था) ती आपोआप एक वर्ष पुढे ढकलते, त्यामुळे कुणी पैसे न भरताही तारीख पुढची दिसते.

प्रश्नकर्ता
रिडेम्प्शन नाही. क्रिएशन डेट (पहिल्या नोंदणीची तारीख) जुनीच आहे, पण नेमसर्व्हर (डोमेन कुठे वळवायचं ते सांगणारे सर्व्हर) बदललेत. रजिस्ट्रार म्हणतो लिलावात विकलं.

उत्तर २
मग यूडीआरपी, म्हणजे डोमेनच्या वादावर पॅनेलकडून निकाल घ्यायची प्रक्रिया. लिलावात डोमेन डिलीट न होताच हात बदलतं, म्हणून क्रिएशन डेट जुनी राहते. पॅनेल ती धरत नाही, सध्याच्या धारकाने डोमेन कधी घेतलं ते बघतं. त्या दिवशी तुमचा ट्रेडमार्क होता, हे तुमच्या बाजूचं.

तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव ट्रेडमार्कशी जुळतं, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं व वापरलं. तक्रारी बुडतात त्या बहुधा तिसऱ्यावर. पानावर तुमच्याच धंद्यातल्या स्पर्धकांच्या जाहिराती असतील तर आजच तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. नोटीस गेली की पान कोरं होतं. नाव कोशातला साधा शब्द असेल आणि जाहिराती त्याच अर्थाच्या असतील तर केस लंगडी आहे. 'रिन्यू करायला विसरलो' याने धारकाचा वाईट हेतू सिद्ध होत नाही.

वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना, तिथे ही तक्रार करता येते) एका पॅनेलिस्टची फी १,५०० डॉलर (५ डोमेनपर्यंत), वकील वेगळा. जिंकलात तरी खर्च मिळत नाही. धारकाला उत्तराला २० दिवस, निकालानंतर अंमलबजावणीआधी कामाचे १० दिवस. एकूण साधारण दोन महिने. यूआरएसच्या (अशाच तक्रारींच्या झटपट प्रक्रियेच्या) नादी लागू नका, .कॉमला ती लागू नाही, आणि तिथे डोमेन फक्त बंद पडतं, मिळत नाही.

उत्तर ३
धारकाने मागितलेली रक्कम लिलावातल्या बोलीच्या आसपास असेल तर देऊन मोकळं होणं यूडीआरपीपेक्षा स्वस्त पडू शकतं. विचारणा ब्रँडच्या नावाने करू नका, भाव वाढतो. पैसे एस्क्रोतूनच (डोमेन हाती येईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्यामार्फतच) द्या.

यापेक्षा तातडीचं: त्या डोमेनवरच्या ईमेल पत्त्यांनी उघडलेली सगळी खाती आजच दुसऱ्या पत्त्यावर न्या. नव्या धारकाने एमएक्स रेकॉर्ड (डोमेनवरचे ईमेल कुठे जावेत ते सांगणारी नोंद) लावला की पासवर्ड रीसेटच्या लिंका त्याच्या इनबॉक्समध्ये पडतील. सुरुवात बँक आणि होस्टिंगपासून करा.