विषय: तान्ह्या पोळ्याची पोरगी सापडली!

नमस्कार मंडळी,

आनंदाची बातमी आहे. इथं ब्रिटनमध्ये गणपतीच्या दर्शनाला आलेल्या एका इंग्रज बाईंनी प्रसाद घेता घेता मला विचारलं, “इथं तान्हा पोळा करत नाही का हो?” लाकडी बैलांचा तो सण विदर्भात राहिल्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? मी नीट पाहिलं, तर ती आमचीच! मी कॉलेजात असताना विद्यार्थी-देवाणघेवाणीत आमच्या देवळी तालुक्यातल्या घरी राहून गेलेली.

परत गेल्यावर ती काकाजींना पत्रं लिहायची. काकाजी गावचे शाखा डाकपाल, तिकिटांवर त्यांचा फार जीव. ब्रिटनच्या तिकिटावर १८४० पासून देशाचं नाव नसतं, राजाराणीचा चेहराच पुरतो. त्यावर त्यांनी तिला लिहून पाठवलं होतं:

राणीबाईचं तिकीट आलं, नाव नाही गाव नाही,
पाटलाच्या सुनेले गावात कोनी ‘कोनाची?’ पुसत नाही!

२००६ साली आपल्या डाक खात्यानं चंदनाच्या वासाचं तिकीट काढलं, तेव्हाचं तर तिला आजही तोंडपाठ आहे:

चंदनाचं तिकीट लावलं, वास घेजो पोरी,
वाटेत कोनी सुंगून सुंगून करीन त्याची चोरी!

नंतर तिचं घर बदललं, पत्रं थांबली. आता तिला काकाजींना लिहायचंय. जुनी राणीची तिकिटं तिनं जपून ठेवलीत. ती चालतील का?

— देवळीची ताई

---

ताई,

वाचून फार बरं वाटलं. रोजच्या वापराची, बारकोड नसलेली राणीची तिकिटं ३१ जुलै २०२३ नंतर चालत नाहीत. रॉयल मेल ती बदलून देते. पण नाताळची आणि खास चित्रांची तिकिटं बारकोड नसला तरी चालतात. काकाजींसाठी चित्रांचीच लावायला सांगा, बारकोडाच्या ठिपक्यांत त्यांना काय गोडी! आणि पत्त्यात पिनकोड हवाच. ४४ दिसलं की टपाल विदर्भाकडे वळतं.

— अकोल्याची वहिनी

---

ताई,

तुया मेल बाबाजीले, म्हंजे तुया काकाजीले, वाचून दाखवला. कितीतरी वेळ काईच बोलले नाईत, मंग म्हने, “पोरीले सांग, दोनी लाव. चित्राचं बी अन् ठिपक्याचं बी.” वहिनी, त्यायले ठिपक्याचं तिकीटबी पाह्यचं हाय! लगेच सांगून रायले, मी लिहून रायलो:

राजा आला, ठिपके आले, तिकीट झालं शाहानं,
मशीन वाचे ठिपके त्याचे, आमी वाचू गानं!

पत्ता तोच हाय, घर तेच हाय. तिले म्हना, तिकिटं सुटी पाठवू नको, पाकिटावर चिकटवूनच पाठव. शिक्का मारलेलं अख्खं पाकीट पाह्यजे बाबाजीले. अन् पुढच्या तान्ह्या पोळ्याले येत असन तर आत्ताच कळव, म्हंजे सुताराले तिच्यासाठी बैल सांगून ठेवतो.

— तुया भाऊ, गावाहून