गावातल्या लढाईच्या दगडाला मानवंदना कोणत्या दिवशी द्यावी?

कोरेगावकर: रामराम मंडळी. आमच्या गावात मारुतीच्या देवळाजवळ पहिल्या महायुद्धाचा दगड आहे. गावातून किती गेले, किती कामी आले, एवढाच आकडा. नावं नाहीत. तरुण मंडळाला दरवर्षी कार्यक्रम करायचाय. कुणी म्हणतं 14 जानेवारी, माजी सैनिक दिन. कुणी म्हणतं 7 डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. काय करावं?

निवृत्त सुभेदार: 14 जानेवारी नको. पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा साहेब 1953 साली त्या दिवशी निवृत्त झाले, दिवसाला मान आहेच. पण त्याच सुमारास संक्रांत. गल्लीत बायका ववसायला निघालेल्या, अन् वीरपत्नीला तुम्ही मांडवात बसवणार? ध्वजदिन निधी गोळा करायचा, तो त्या कामालाच ठेवा. दगड ज्या लढाईचा, तिचाच दिवस धरा. 11 नोव्हेंबर 1918 ला सकाळी अकराला ती थांबली. अकराच्या ठोक्याला दोन मिनिटं सावधान उभं राहायचं. भाषण नको.

नावांचं सांगतो. 103, 110, 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या, 1915-16 साली तिथल्या कुत गावच्या वेढ्यात अडकल्या. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. पण लढाईत कामी आलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर शिपायांची नावं फुकट शोधता येतात. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुकाही असतो. आणि एकदा साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाला जाऊन या. त्या एका गावची 46 माणसं त्या लढाईत कामी आली.

मिरजेची ताई: सुभेदारकाका संक्रांतीचं बोलले, बरं वाटलं. माझे मिस्टर फौजेतच गेले. आम्हाला बोलावतात, पाहुण्यांची गाडी येईपर्यंत उन्हात बसवतात, मग शाल-नारळ, फोटो, आणि माईकवर नाव चुकीचं. शाली घरात ढिगानं पडल्यात. हुद्दा, नाव, पलटण आधी घरच्यांना विचारून कागदावर लिहून घ्या. आणि वाचायला गावातलीच शाळकरी पोरगी उभी करा, पुढारी नको.

कोरेगावकर: 11 नोव्हेंबर पक्का. पत्रिकेवर पाहुणा नाही, यावर मंडळात भांडण होणार, होऊ दे. काका, साइटवर आडनाव टाकलं तर काहीच येईना.

निवृत्त सुभेदार: गोऱ्या कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलंय. आडनाव सोडा, पलटण अन् सातारा टाकून बघा. मग एकेक नाव मोठ्यानं वाचा, ओळखीचं कानाला लागतं. तरी अडलं तर यादी इथं टाका.