तयार मजकुरावर ऑनलाइन धंदा चालवणं चुकीचं आहे का?

निफाडची सून:
मी नाशिकला सिडकोत राहते. सासर निफाडचं, घरची चार एकर द्राक्षबाग. एक्स्पोर्टचा माल गेला की उरलेल्याचा बेदाणा करतो आणि तो गेली तीन वर्षं मी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून थेट गिऱ्हाइकाला विकते. मागच्या आठवड्यात डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शन होतं. शेजारच्या स्टॉलवरच्या बाईंनी माझं पेज उघडून पाहिलं आणि चारचौघांत म्हणाल्या, "हे तू लिहिलेलंच नाहीस, विकतचं आहे." खरं आहे ते. वर्षभराचा तयार मजकूर मी विकत घेतलाय. ३६५ कॅप्शन, सणावारांच्या शुभेच्छा, पाककृती, फोटोवर टाकायच्या चौकटी, सगळं एका फोल्डरमध्ये. तिथे मला बोलता आलं नाही, म्हणून इथे बोलते.

आधी मी रात्री पोरं झोपली की अकराला लिहायला बसायचे. चार ओळींसाठी एक वाजायचा. सकाळी चुरचुरत्या डोळ्यांनी पॅकिंग. एकदा पुण्याच्या पार्सलवर सोलापूरचा पत्ता चिकटवला आणि सोलापूरच्या पार्सलवर पुण्याचा. दोन्हीकडचा जाण्यायेण्याचा खर्च माझ्या अंगावर पडला. आता घडी बसली आहे. साडेपाचला उठते, डबे होतात, सात ते नऊ फोन. त्यात आधी रात्रीच्या ऑर्डरी वहीत उतरवायच्या, मग कुणाचे पैसे आले ते बघायचं, मग उत्तरं द्यायची आणि सगळ्यात शेवटी तयार पोस्ट टाकायची. अकरा ते दोन वजन आणि पॅकिंग. चारला कुरिअरवाला येतो. रात्री फोन बंद. हे सगळं तयार मजकुरामुळे जमलं. मी बेदाणा विकते, लिखाण विकत नाही. पाकिटातला माल माझा, वजन चोख. मग कॅप्शन कुणाच्या हातची आहे याने काय बिघडतं?

गोदाकाठ:
ताई, तुमची मेहनत खरी आहे, पण बिघडतं. मी छोट्या धंद्यांसाठी लिहून देतो, त्यामुळे असे गठ्ठे रोज बघतो. "निसर्गाची गोडी, थेट तुमच्या दारी" ही तुमची मंगळवारची ओळ मी गेल्या महिन्याभरात एका गुळाच्या पेजवर आणि एका मधाच्या पेजवर वाचली आहे. शब्दही तेच, चौकटही तीच. तुम्हाला मिळालेला गठ्ठा विकणाऱ्याने आणखी किती जणांना दिलाय ते तुम्हाला कधी कळणार नाही. गिऱ्हाइकाला एकदा का ते ओळखू आलं, की त्याला तुमच्या मालाचीही शंका येते.

उद्या स्वतःची वेबसाइट काढलीत तर आणखी एक अडचण येईल. तोच मजकूर दहा ठिकाणी असला म्हणून गुगल दंड करतं, असा लोकांचा समज आहे. तसं नाही. ते त्या दहांतलं एक पान निवडतं आणि बाकीची मागे पडतात. ते एक तुमचं कशावरून असेल? आणि शोधात वर यायचं म्हणून ढिगाने सुमार पानं छापणं मार्च २०२४ पासून गुगलने स्पॅममध्ये धरलं आहे, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने.

सातपूरचे काका:
मला ताईंचं पटतं. तीस वर्षं कारखान्याच्या ऑफिसात काढली. पत्रांचे मसुदे ठरलेले असायचे, तारीख आणि रक्कम बदलायची. कुणी म्हटलं नाही की साहेबांनी उसनं पत्र पाठवलं. लग्नपत्रिका घ्या. "आमचे येथे श्रीकृपेकरून" हे कुणी स्वतः रचलंय? घराघरात तेच छापतात आणि पाहुणे आनंदाने येतात. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरलेली उत्तरं साठवून ठेवायची सोयच दिलेली आहे, ५० पर्यंत ठेवता येतात. ज्या बाईच्या मागे दोन पोरं, सासर आणि धंदा आहे तिने रोज नवं सुचेपर्यंत जागावं, हा आग्रह मला अन्यायाचा वाटतो.

गोदाकाठ:
काका, पत्रिकेचं उदाहरण चांगलं काढलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे. वरची ओळ सगळ्यांची एकच असते, हे मान्य. वराचं नाव, वधूचं नाव, आजोळ, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता हे कुणी तयार घेतं का? आणि पत्रिका हातात आली की पाहुणा आधी तेच वाचतो. ताईंच्या पेजवर वरची ओळच रोज येते, नावं येतच नाहीत.

पिंपळगाव शेड:
ताई, मी बेदाणाच करतो, आमचं शेड पिंपळगाव बसवंतजवळ आहे. मला लिहिण्यातलं कळत नाही, पण तुमची पाच तारखेची पोस्ट वाचून वाईट वाटलं. त्यात लिहिलंय, "सोनेरी उन्हात वाळवलेले मनुके". फोटोत तुमचा हिरवा बेदाणा आहे. अहो, उन्हात घातला असता तर तो हिरवा राहिला असता का? तपकिरी पडला असता. तुमच्या घरी काय करतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एका लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, त्यात घड बुडवायचे, म्हणजे मण्यावरचं मेणाचं आवरण सुटतं आणि आतलं पाणी लवकर निघतं. मग शेडनेटच्या सावलीत जाळीच्या रॅकवर पसरायचं आणि पंधरा दिवसांच्या आसपास वाऱ्यावर ठेवायचं. रात्री ढग आले की माणसाला झोप नाही. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा उतरतो. हे सगळं तुमच्या सासऱ्यांनी केलं आणि त्या पोस्टने ते एका ओळीत पुसून टाकलं. मनुका आणि बेदाणा यांतला फरकही ती लिहिणाऱ्याला ठाऊक नाही.

आणखी एक. त्याच महिन्यात "रोज दहा मनुके खा, साखर आटोक्यात राहील" अशीही पोस्ट आहे. ती आजच काढा. खाण्याच्या वस्तूने आजार बरा होतो किंवा टळतो असं जाहिरातीत म्हणायला २०१८ च्या नियमांनी मनाई आहे. फसव्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. गठ्ठा विकणारा तो भरायला येणार नाही, पाकिटावर नाव तुमचं आहे. आणि मधुमेहाच्या माणसाने ते खरं मानून खाल्लं तर?

निफाडची सून:
दादा, साखरेची पोस्ट आत्ता काढली. लिहिताना हात थरथरतोय. माझ्या आईला मधुमेह आहे आणि मी ती ओळ न वाचता टाकली होती. सकाळी आठ पन्नासला, नऊच्या आत संपवायचं म्हणून.

उन्हाचं वाचल्यावर आणखी एक आठवलं. नागपूरच्या एका काकूंनी विचारलं होतं, "उन्हात वाळवलेला आहे तर हिरवा कसा? रंग घालता का?" मी साठवलेलं उत्तर पाठवलं, "आमची उत्पादने १०० टक्के नैसर्गिक आहेत." त्यांनी परत मागवलं नाही. मला तेव्हा वाटलं, भाव जास्त वाटला असेल. त्यांना तुम्ही सांगितलंत तेवढं मी सांगायला हवं होतं. लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी सासूबाईंबरोबर मी स्वतः रॅकवर घड पसरले आहेत.

तरी माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. पैसे कसे पाठवायचे, पार्सल किती दिवसांत मिळेल, पाकीट फुटलेलं आलं तर काय करायचं, उघडल्यावर डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, हे सगळं तयारच राहणार. दिवाळीच्या शुभेच्छाही. त्यात मला लाज वाटत नाही.

इंदिरानगर:
वकिली करते म्हणून एवढंच सांगते. गठ्ठ्याबरोबर आलेला परवाना उघडून वाचा. कुठे नुसतं वापरायची मुभा असते, कुठे बदलायची, कुठे स्वतःचं नाव घालायची, आणि पुढे विकायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या, परवाना लेखी लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. विकणाऱ्याकडेच हक्क नसतील तर तुमच्या हातातल्या पावतीला अर्थ नाही. पाककृतींसोबतचे फोटो कुठून आलेत ते आधी विचारा, वाद बहुधा तिथूनच सुरू होतात.

तांब्याची भांडी:
सगळे मजकुरावर बोलताय, मला घडीवर बोलायचंय. भांडी बाजारात आमचं जुनं दुकान आहे, ऑनलाइन मी बघते. मीसुद्धा वर्षभर रोज एक पोस्ट, रोज व्हॉट्सॲपवर एक ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच निरोप यादीतल्या सगळ्यांना, असं केलं. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणजे ती आपली सगळ्यात जवळची माणसं. त्यांनाच मी रोज सकाळी शुभप्रभात आणि कलशाचा फोटो पाठवत होते. त्यांनी एकेक करून म्यूट केलं. एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी दुकानात येऊन सांगितलं तेव्हा कळलं.

रोज पोस्ट टाकायची हा नियम आला, म्हणून ३६५ कॅप्शन लागल्या. नियम काढा, गठ्ठ्याची गरजच संपते. ताई, तुमच्या धंद्याला हंगाम आहे. फेब्रुवारी ते एप्रिल शेडवर रोज काहीतरी घडतं, तेव्हा रोज दाखवा. आत्ता जूनमध्ये माल कोल्ड स्टोरेजला आहे, आठवड्याला एक पोस्ट पुरे. ऑक्टोबर छाटणीला परत सुरू करा. सात ते नऊची वही मात्र मोडू नका, ती सोन्यासारखी आहे.

सातपूरचे काका:
आठवड्याला एक टाकली तर लोक विसरतील हो. दुकानाचं शटर रोज उघडावं लागतं.

तांब्याची भांडी:
काका, शटर रोज उघडतेच. येईल त्याला उत्तर देणं म्हणजे शटर. रोज रस्त्यावर उभं राहून हाका मारणं वेगळं.

गोदाकाठ:
मी सुरुवातीला कडक बोललो, कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः असे गठ्ठे लिहून विकले आहेत. एका रात्रीत चाळीस कॅप्शन. बेदाणा कुठे वाळतो हे मी एकालाही विचारलं नव्हतं. ताई, तुमचा गठ्ठा माझ्या हातचा नसेलही, पण असता तर ती उन्हाची ओळ त्यात असू शकली असती.

निफाडची सून:
दादा, हे सांगितलंत, बरं वाटलं.

काल रात्री फोल्डर घेऊन बसले. ३६५ पैकी द्राक्ष, मनुका, आरोग्य असं जिथे जिथे आलं ते सगळं काढलं. सणांच्या शुभेच्छा आणि ऑर्डरची उत्तरं ठेवली. सात ते नऊमधली पोस्टची वीस मिनिटं आता वहीतला एक प्रश्न निवडून त्याला माझ्या शब्दांत उत्तर द्यायला. जमेल त्या दिवशी, रोज नाही. काका, तुमचं शटर लक्षात ठेवते. नागपूरच्या काकूंना आज सकाळी आवाजात निरोप पाठवला, हिरवा रंग सावलीमुळे राहतो, घालत नाही. साडेतीन मिनिटांचा झाला, एवढा लांब मी कुणाला पाठवत नाही. निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही.

पिंपळगावचे दादा, आमच्याकडे यंदा फोटोच काढले नाहीत. शेडचे एकदोन मिळतील का? तुमचं नाव घालून टाकीन.

पिंपळगाव शेड:
फोटो कशाला, रविवारी या. शेड रिकामं आहे, जाळ्या धुवायला काढल्यात. पण डिपिंगची टाकी, क्रेट, रॅक सगळं जागेवर आहे, उभं राहून सांगा आणि शूट करा. सासऱ्यांना घेऊन या, ते बोलले तर जास्त चांगलं. दहाच्या आत पोचा, नंतर पत्रा तापतो.