मदत हवी आहे : पूर ओसरल्यावर येणाऱ्या डॉक्टरांच्या पथकांचं नियोजन

नमस्कार मंडळी. आम्ही सांगली जिल्ह्यातले, कृष्णाकाठचे. 2019 च्या महापुरानंतर डॉक्टरांची पथकं आपणहून आली, उपकारच झाले. पण सगळी रस्त्याकडेच्या गावांत, तीही एकाच वेळी. खोकल्याच्या बाटल्यांचा ढीग, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या मागितल्या की चिठ्ठी कुठाय? चिठ्ठीचा पार लगदा झालेला. (आमच्या आत्तीनं गोळ्यांचं रिकामं पाकीट जपलेलं, त्यावर भागलं.)

यंदा पावसाआधीच वाडीवार रुग्णांची यादी करतोय. कुणाकडे नमुना आहे का? पथकांच्या तारखा प्राथमिक आरोग्य केंद्राकडून ठरवून घ्याव्यात की ग्रामपंचायतीकडून? चिखल उपसणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्या-चिखलातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, पण गरोदर बायका नि लहान मुलांना ते सहसा देत नाहीत. त्यांचं काय करायचं? डॉक्टर असाल तर जरा सविस्तर लिहा.