प्रतिसाद: गाळ इतका हळू का बसतो?

वर कोणीतरी म्हटलंय की गाळाच्या दोन-दोन कणांमधली बलं मांडून बेरीज केली की झालं. द्रवात तेवढ्यानं भागत नाही हो.

पूर ओसरताना नाशिकच्या रामकुंडाजवळचं गढूळ पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवा. जाड वाळू लगेच तळाला जाते, बारीक माती मात्र रेंगाळते. बारीक कण मुळातच सावकाश पडतो, हे भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सनं 1851 मध्येच सांगितलंय. पण गर्दीचा भाग वेगळा. पडणारा कण भोवतालचं पाणी ओढतो आणि ही ओढ अंतराच्या पटीतच घटते: अंतर दुप्पट, परिणाम निम्मा. म्हणजे लांबचा कणही गप्प बसत नाही! दोनच कण एकाखाली एक चिकटून पडले तर एकट्यापेक्षा सुमारे दीडपट वेगानं जातात. उलट बरणीभर कण असले की खाली गेलेल्यांची जागा भरायला पाणी वर चढतं आणि सगळेच मंदावतात. आकारमानाच्या 10 टक्के कण असतील तर गर्दीतल्या कणांचा वेग सांगणाऱ्या रिचर्डसन-झाकीच्या (1954) सूत्रानं वेग एकट्या कणाच्या साधारण 60 टक्क्यांवर येतो.

बेरीज फसते ती तिसऱ्या कणापाशी. पहिल्याचा प्रवाह त्याच्यावर आपटून दुसऱ्याकडे परततो, आणि हा भाग कुठल्याच जोडीच्या खात्यात नसतो. आरगॉनसारख्या वायूंतही अ‍ॅक्सिलरॉड आणि टेलर या शास्त्रज्ञांनी 1943 मध्ये तीन अणूंच्या एकत्रित परिणामाचं असं जादा पद सूत्रात काढलं होतं, फक्त तिथलं कारण विद्युत आहे.

मातीच्या कणांवर ऋणभार असतो, ते एकमेकांना लोटतात, ही भर वेगळीच. तुरटी फिरवली की ते लोटणं कमी होतं, गुठळ्या बनतात आणि पाणी लवकर निवळतं.